नोंद क्रमांक सत्त्याऐंशी

संशोधन विभागाचं पत्र सोमवारी सकाळी अकरा वाजता आलं. उमेदवाराने सादर केलेल्या सटीप संदर्भसूचीतल्या दीडशे नोंदींपैकी एकशे एकोणपन्नास नोंदी मूळ संदर्भांशी ताडून पाहिल्या असून त्या बरोबर आहेत, असं त्यात म्हटलं होतं. नोंद क्रमांक सत्त्याऐंशीचा मूळ संदर्भ मात्र ग्रंथालयाला मिळाला नाही. तो शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत तपासणीसाठी हजर करावा, अन्यथा नोंदणी रद्द समजण्यात येईल. खाली सही होती, ती वाचता येत नव्हती.

उमेदवार म्हणजे घरातली धाकटी सून. वय बेचाळीस. चौदा वर्षं ती एका महाविद्यालयात हंगामी शिकवत होती आणि दर वर्षी नव्याने अर्ज करत होती. पीएच.डी. झाली तर नोकरी कायम होणार होती. नाही झाली तर नव्या नियमानुसार अर्जही करता येणार नव्हता. नोंदणीचं हे आठवं वर्ष. मुदतवाढ तीनदा घेऊन झाली होती, चौथीची सोय नव्हती.

तिचा विषय होता प्रतीक्षालयांतल्या बाकांची मांडणी आणि तिथे अनोळखी माणसांचं एकमेकांशी होणारं बोलणं. प्रबंधाआधी सटीप संदर्भसूची द्यावी लागते. विषयावर आजवर कोणी काय लिहिलं याची ती यादी, आणि प्रत्येक नोंदीखाली एक टीप. टीप तीन वाक्यांची असावी, असा तिच्या मार्गदर्शकांचा दंडक होता. पहिल्या वाक्यात लेखकाचं म्हणणं, दुसऱ्यात त्याचा आधार, तिसऱ्यात त्याची मर्यादा. "चौथं वाक्य लिहिलंस तर ते तुझं मत असेल," सर म्हणाले होते, "आणि तुझं मत अजून कोणी विचारलेलं नाही."

धाकटी टिपा कार्डांवर लिहायची. जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला पत्र्याचा डबा असे, त्यात कार्डं. आठ महिन्यांत हाताला इतकी सवय झाली की डोकं तापलं की ती कार्ड घेई आणि तीन वाक्यं लिहून मोकळी होई. एक कार्ड गळक्या नळावर होतं. एक थोरल्या जावेवर होतं, ते तिने फाडलं. एक सासूबाईंवर होतं. ते तिने डब्यात सगळ्यात मागे ठेवलं, फाडायचं म्हणून.

सूची टाइप केली नवऱ्याने. तो जमीनमोजणीच्या खात्यात होता. जागेवर जे दिसतं ते नकाशावर दाखवायचं, ते तिथे का आहे हे विचारायचं नाही, हा त्याच्या नोकरीचा पहिला धडा आणि शेवटचाही. दोन रविवारांत त्याने डब्यातली सगळी कार्डं उतरवली. नळाचं कार्ड त्याला पाण्याने पुसलेलं आढळलं म्हणून ते राहिलं. सासूबाईंच्या कार्डावर वर्ष आणि प्रकाशक नव्हते. रकाना मोकळा सोडणं त्याच्या हाताला जमत नाही. त्याने आईचं जन्मवर्ष टाकलं आणि प्रकाशकापुढे लिहिलं, घर. मग विषयवार लावताना ते कार्ड सत्त्याऐंशीव्या जागी गेलं.

"तुला वाचताना काहीच वाटलं नाही?" पत्र आल्यावर धाकटीने त्याला विचारलं.

"वाटलं ना. ही एकच टीप मला पूर्ण समजली."

टीप अशी होती. 'कोणत्याही खोलीत शिरल्यावर आधी कोण कुठे बसलं आहे ते पाहावं आणि मगच बोलावं, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. त्याला स्वतःच्या अनुभवापलीकडे आधार त्या देत नाहीत आणि मागितलेला त्यांना खपत नाही. दुसऱ्याचं ऐकून घेणं ही गोष्ट त्यांच्याकडे मुळीच नाही, ही मोठी मर्यादा.'

सूची परीक्षण समितीपुढे गेली होती. समितीत तीन प्राध्यापक होते आणि तिघांनीही सत्त्याऐंशीवर शेरे मारले होते. पहिल्यांनी लिहिलं होतं, 'सासूबाईंकडे अलीकडच्या संशोधकांचं दुर्लक्ष झालं आहे, उमेदवाराने ते टाळलं याचं समाधान वाटतं.' दुसऱ्यांना टीप थोडी कठोर वाटली होती. तिसऱ्यांची तक्रार होती की सासूबाईंच्या नंतरच्या कामाचा विचार झालेला नाही.

ग्रंथालयाने मूळ संदर्भ नऊ दिवस शोधला होता. चार बाहेरच्या ग्रंथालयांना विचारणा गेली होती. दोघांनी नाही म्हणून कळवलं, एकाने उत्तर दिलं नाही. चौथ्याने कळवलं की त्यांची प्रत एका वाचकाने नेली आहे आणि अनेक वर्षांत परत केलेली नाही.

धाकटी मंगळवारी सकाळी सरांकडे गेली.

"सर, सत्त्याऐंशी चुकून आलंय."

"चुकून कसं? उत्तम आहे ते. मी मागेच म्हणालो होतो, तू ते घ्यायला हवंस."

"तुम्ही वाचलंय?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "विद्यार्थिदशेत. सगळं नाही. प्रस्तावना वाचली होती."

"सर, त्या माझ्या सासूबाई आहेत. माझ्या नवऱ्याची आई."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हे आधी सांगायचंस. नात्यातला संदर्भ असेल तर तळटीप द्यावी लागते."

तिथून ती संशोधन विभागात गेली. खिडकीत कारकून होते, बत्तीस वर्षं त्याच खिडकीत. समितीने मंजूर केलेली नोंद काढता येत नाही, त्यांनी सांगितलं. काढायची तर समिती पुन्हा बसायला हवी, ती दोन महिन्यांनी बसेल. आणि दीडशेच्या एकशे एकोणपन्नास झाल्या तर सूची अपुरी, म्हणजे नोंदणी रद्दच.

"अहो काका, पण ते पुस्तक नाही. बाई आहेत."

"हयात आहेत?"

"हो. घरी आहेत."

"मग अडलंय कुठे? लोक इथे दोनशे वर्षांपूर्वीचं आणून दाखवतात." त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. "संदर्भाचा प्रकार. ग्रंथ, नियतकालिक, हस्तलिखित, इतर. इतरवर खूण करा. ग्रंथपाल टीप मुळाशी ताडून बघतील. जुळली तर शिक्का. नाही जुळली तर नाही."

"नाही जुळली म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही मुळात नसलेलं लिहिलंत. त्याला इथे फार वाईट शब्द आहे, मी वापरत नाही."

धाकटीची पंचाईत आता सरळ होती. सासूबाईंना नेल्याशिवाय शिक्का नाही, आणि ती टीप त्यांना दाखवल्याशिवाय त्यांना नेता येणार नाही. त्या घरात ती एकोणीस वर्षं राहत होती, आणि एकोणीस वर्षांत तिने सासूबाईंना तोंडावर म्हटलेलं सगळ्यात कडक वाक्य 'असू दे, मी करते' हे होतं.

मंगळवारी संध्याकाळी तिने सूचीचं ते पान टेबलावर ठेवलं. सासूबाईंनी चष्मा लावला आणि टीप दोनदा वाचली. नवरा बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालू लागला. सकाळी एकदा घालून झालं होतं.

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "नुसतं नाही म्हटलं असतं तर भागलं नसतं का?"

"आई, ते असंच लिहिलं होतं. कुणाला दाखवायचं नव्हतं."

"किती जणांनी वाचलं?"

"समितीने. सरांनी. ग्रंथपालांनी. विभागातल्या काकांनी."

"आणि माझ्या लेकाने टाइप केलं."

बाल्कनीतलं पाणी आतापर्यंत खालच्या मजल्यावर पोचलं असावं, कारण खालून कुणीतरी हाक मारली.

"आई, तुम्ही आला नाहीत तर आठ वर्षं पाण्यात जातील," धाकटी म्हणाली. "पण या, असं कोणत्या तोंडाने म्हणू ते मला कळत नाही."

सासूबाईंनी चष्म्याची घडी घातली आणि त्या उठून गेल्या. बुधवारी त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. गुरुवारीही नाही. टेबलाच्या एका टोकाला त्या, दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा. हवं ते त्या मुलाकरवी मागत, आणि मुलगा ते पाच फुटांवर जसंच्या तसं पोचवत असे. एकदा त्याने 'मला तिच्याशी बोलायचं नाही, हे तिला सांग' हेही पोचवलं.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता त्या चप्पल घालून दारात उभ्या होत्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा आणि जन्मतारखेचा दाखला.

"दाखला कशाला, आई?"

"वर्ष छापलंय ना तुम्ही. विचारलं तर काय दाखवू, केस?"

ग्रंथालयाच्या पायऱ्या बत्तीस होत्या. ग्रंथपाल बाई पन्नाशीच्या, बोटांना शाईचे डाग. त्यांनी फॉर्म घेतला आणि सासूबाईंकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आधी दाखल करून घ्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "दाखल न झालेला संदर्भ आत नेता येत नाही." त्यांनी नोंदवही उघडली. प्रकार, इतर. भाषा, मराठी. खंड, एक.

"प्रतीची अवस्था?"

"गुडघे," सासूबाई म्हणाल्या.

ग्रंथपाल बाईंनी लिहिलं, 'सुस्थितीत, बांधणी खालून सैल.' पिशवीच्या बंदावर त्यांनी क्रमांकाची चिठ्ठी डकवली. मग तिघी वाचनकक्षात गेल्या. तेव्हा तीन वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

वाचनकक्षात सहा लांब टेबलं होती आणि अकरा वाचक. सासूबाई दारात थांबल्या. जवळजवळ एक मिनिट त्या नुसत्या पाहत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तो निळ्या स्वेटरचा वाचत नाहीये, कुणाची तरी वाट बघतोय. त्या दोघी मैत्रिणी आहेत आणि भांडल्यात. आणि बाई, तुमची खुर्ची दाराकडे पाठ करून आहे, म्हणून तुमची मान दुखते."

ग्रंथपाल बाईंचा हात मानेवर गेला. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, 'पहिलं वाक्य मुळाशी जुळतं.'

"याला आधार काय?" त्यांनी विचारलं.

"आधार कसला? ह्यांच्या आजारपणात अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा दवाखान्याच्या बाकावर बसलेय. बाक समोरासमोर असले की कुणी बोलत नाही, कारण बोललं की आजार विचारावा लागतो. काटकोनात असले की बोलतात. नजर चुकवता येते ना."

धाकटीने मान वर केली. एकशे एकोणपन्नास नोंदींपैकी निदान साठ याच वाक्याच्या आसपास घिरट्या घालत होत्या. त्यांतल्या एकानेही ते इतकं थोडक्यात मांडलेलं नव्हतं.

"हे कुठे लिहून ठेवलंय का? कुणी दुजोरा दिलाय?" ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"दुजोरा कशाला हवा? खोटं वाटत असेल तर अकरा वर्षं बसून बघा."

'दुसरं वाक्य जुळतं,' ग्रंथपाल बाईंनी लिहिलं. चार वाजून पाच मिनिटं.

आता तिसरं वाक्य. ते त्यांनी मोठ्याने वाचलं. भांडलेल्या दोन मैत्रिणींनी वर पाहिलं. "हे ताडून कसं बघायचं?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि धाकटीकडे वळल्या. "तुम्ही बोला. त्यांच्याशी. मध्ये तोडतात का, बघते."

"काय बोलू?"

"काहीही. तुमच्या विषयावर बोला. आठ वर्षांत बोलण्यासारखं काही साठलं असेलच."

साठलं होतं. चार वाजून आठ मिनिटांनी धाकटीने सुरुवात केली. आधी वाक्यं अडखळत होती. मग तिने पहिल्या बाकाबद्दल सांगितलं. विषय सुचला तो दवाखान्यातच. सासऱ्यांसाठी डबा घेऊन ती गेली होती, आणि तिथे तिने सासूबाईंना एका परक्या बाईशी खळखळून हसताना पाहिलं. त्या घरी तशा कधी हसल्या नव्हत्या. घरी आल्यावर तिने त्याबद्दल विचारलं नाही, विद्यापीठात नाव घातलं. मग ती नोंदींवर आली. कोणी बाकांची उंची मोजली, कोणी माणसांमधलं अंतर. एकाने तर बोलणाऱ्यांचे शब्द मोजले आणि ते काय बोलले ते लिहायचं विसरला. हंगामी नोकरीबद्दल ती बोलली. दर वर्षी त्याच तिघांपुढे मुलाखत द्यायची आणि त्यांनी दर वर्षी नाव विचारायचं. घरी कुणी विषय विचारला की ती 'बाक' एवढंच सांगे, कारण पुढचं ऐकायला कुणी थांबत नसे.

सासूबाई हलल्या नाहीत. त्यांनी बाटलीला हात लावला नाही, घड्याळ पाहिलं नाही. एकदा त्यांचे ओठ उघडले आणि त्यांनी ते मिटले. धाकटी चार वाजून पस्तीस मिनिटांनी थांबली. सत्तावीस मिनिटं झाली होती.

ग्रंथपाल बाईंनी पेनचं टोपण लावलं. चेहऱ्यावर खरंच वाईट वाटल्याची खूण होती. "टीप जुळत नाही," त्या म्हणाल्या. "ऐकतात. माझ्यासमोर ऐकलं."

"म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे यांनी तुमच्याबद्दल मुळात नसलेलं लिहिलं. नोंद बाद. मला फॉर्मवर तसं लिहावं लागेल."

म्हणण्यासारखं असलेलं सगळं धाकटी सत्तावीस मिनिटांत म्हणून बसली होती.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग फॉर्मकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. मग पिशवी मांडीवरून टेबलावर ठेवली. "कोण म्हणतं मी ऐकलं?"

"मध्ये एकदाही बोलला नाहीत."

"हिचं संपायची वाट बघत होते. त्याला ऐकणं म्हणतात का?"

"तुम्ही मगाशी त्या स्वेटरवाल्याबद्दल म्हणालात तसं?"

"अगदी तसं."

ग्रंथपाल बाईंनी टोपण पुन्हा काढलं, पण त्या कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या. "मग मला सांगा, त्या काय म्हणाल्या?"

"काहीतरी बाकांचं."

"बाकांचं काय?"

"लाकडी असतात म्हणाली."

"लाकडाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत."

"बघा," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकलंत. मी नाही."

"दवाखान्यात त्यांनी तुम्हाला हसताना—"

"दवाखान्यात काय? माझ्या दवाखान्याचं मी मघाशी सांगितलं. हिने पुन्हा तेच सांगितलं का? हिला सवयच आहे. आणि बाई, तुम्ही ती खुर्ची आधी फिरवा, मी केव्हाची सांगतेय. डाव्या बाजूला घ्या. डाव्या. तुम्ही ऐकतच नाही."

"आई—" धाकटी म्हणाली.

"तू थांब गं. मोठी माणसं बोलतायत."

वाचनकक्षात कुणीतरी शुक् केलं. सासूबाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या की वाचायचं असेल तर खिडकीपासून उठावं, तिथे उजेड पाठीमागून येतो. त्यानंतर चार मिनिटं त्या अखंड बोलत होत्या. त्यात कक्षाच्या मांडणीवर बारा सूचना आल्या. ग्रंथपाल बाईंनी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा ते तसंच राहिलं.

चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी त्यांनी लिहिलं, 'तिसरं वाक्य तपासलं. मुळाशी तंतोतंत जुळतं. "मुळीच" हा शब्द योग्य आहे.' मग शिक्का मारला. ही नोंद विद्यापीठाच्या दफ्तरात कायमची राहते, असं त्यांनी सासूबाईंना नियमाप्रमाणे सांगितलं.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या.

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी कारकुनांनी फॉर्म घेतला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, दीडशेपुढे बरोबरची खूण केली आणि खिडकी लावून घेतली.

सासूबाईंना घरी नेण्याआधी आणखी एक सोपस्कार होता. दाखल झालेला संदर्भ वाचक-कार्डाशिवाय बाहेर काढता येत नाही. ग्रंथपाल बाईंनी त्या धाकटीच्या कार्डावर दिल्या, मुदत चौदा दिवस. खुर्ची तोवर फिरवून झाली होती.

बसथांब्यावर एकच बाक होता, सरळ, भिंतीला लावलेला. दोघी शेजारी बसल्या. बस यायला वेळ होता.

"आई," धाकटी म्हणाली, "तुम्ही मुद्दाम—"

"ते शब्द मोजणारा," सासूबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "त्याची टीप तू फार मवाळ लिहिली असशील. काय बोलले ते लिहिलं नाही म्हणजे सगळंच गेलं की. दुरुस्त कर. आणि तुझ्या मुलाखतीतले ते तिघं. पुढच्या वेळी कुठे बसतात ते मला सांग."

धाकटीने पर्समधून सासूबाईंवरच्या टिपेचं ते कार्ड काढलं. त्याची मागची बाजू कोरी होती.

"आणि ती दवाखान्यातली बाई," सासूबाई म्हणाल्या. "मी का हसत होते, ते तू तेव्हाच विचारायला हवं होतंस. लिही."